दोन दिव्यांचे सहा तास

माझ्या जवळपास प्रत्येक पँटला गुडघ्याच्या वर बारीक भोकं आहेत. कसर लागली असं पाहुण्यांना वाटतं. ती कसर नव्हे, ॲसिड. बॅटरीत काम करताना ॲसिडचा थेंब उडतो तेव्हा कळतही नाही; दोन धुण्यांनंतर कपडा तिथे विरतो. लग्नाला जायच्या पँटलाही भोकं पडली तेव्हा नलिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुमच्याकडे एकही कपडा असा नाही, ज्यात तुम्ही नोकरीवर नाही."

ते खरंच होतं. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढली. सुरुवात महाडला, मधली सहा वर्षं पोलादपूरला, शेवट पुन्हा महाडला. एक्स्चेंज म्हटलं की लोकांना तारा आठवतात. पण सगळ्या तालुक्याची लाईट गेली तरी फोन चालू राहायचा, त्याचं कारण मागच्या खोलीत रांगेनं उभे असलेले कमरेएवढे चोवीस सेल. त्या खोलीत कुणी येत नसे. वास यायचा, डोळे चुरचुरायचे. मला मात्र तिथे बरं वाटायचं.

या सेलांची परीक्षा घ्यावी लागे. पूर्ण भरायचे, मग ठरावीक भार लावून रिकामे करत जायचं आणि दर तासाला प्रत्येक सेलचा व्होल्टेज लिहायचा. बॅटरी नवी दिसते की जुनी, कंपनी मोठी की छोटी, याला काही अर्थ नसतो. भार लावल्यावर ती किती वेळ उभी राहते, एवढाच तिचा खरेपणा. आमचे देशमुखसाहेब रजिस्टरच्या बाबतीत फार कडक. खोडाखोड चालायची नाही. आकडा चुकला तर तांबड्या शाईची एक सरळ रेघ, बाजूला खरा आकडा आणि सही. "साळवी, चुकलेला आकडासुद्धा वाचता आला पाहिजे," ते म्हणायचे. "उद्याच्या माणसाला कळू दे, आपण काय समजत होतो आणि काय निघालं."

निवृत्त झालो तेव्हा वाटलं, संपलं. पण आमच्या आळीत प्रत्येक घरी इन्व्हर्टर आलेला. महाडला लाईट जाणं हे पाहुणा येण्यासारखं, केव्हा येईल आणि किती राहील, काही सांगता येत नाही. शेजारचे जोशी गुरुजी एक दिवस म्हणाले, "दुकानदार म्हणतो आठ तास चालेल. दीड तासात अंधार. खोटं कोण बोलतंय, दुकानदार की बॅटरी?"

मी बॅटरी घरी आणली. एका फळीवर शंभर-शंभर वॉटचे जुने दिवे बसवले, ते इन्व्हर्टरला जोडले, मीटर लावला, खुर्ची घेऊन बसलो. दर अर्ध्या तासाला वहीत नोंद. गुरुजींच्या घरी किती भार आहे ते विचारलं तेव्हा उलगडा झाला. दुकानदार एका पंख्याचा हिशेब सांगत होता, गुरुजी तीन पंखे आणि टीव्ही चालवत होते. दोघंही खरं बोलत होते.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बॅटरीच्या डब्यावर दीडशे, दोनशे असा क्षमतेचा आकडा असतो. तो खोटा नसतो. पण वीज सावकाश काढली तरच तेवढी मिळते. भार दुप्पट केला तर वेळ निम्मा होत नाही, निम्म्याहूनही कमी होतो. घाईनं पिळलेल्या उसासारखं आहे हे. रस असतो, पण चोथ्यात राहतो. म्हणून "ही बॅटरी किती तास चालते?" या प्रश्नाला उत्तर नाही. "किती भारावर?" आणि "किती जुनी?" हे दोन्ही विचारल्याशिवाय तासांचा आकडा सांगणं म्हणजे गावाचं नाव न विचारता भाडं सांगणं.

पुढे लोक आपापल्या बॅटऱ्या घेऊन येऊ लागले. मी विकत काही नव्हतो, त्यामुळे माझ्या बोलण्यावर विश्वास बसायचा. ओसरीबाहेरच्या भिंतीवर मी एक काळा फळा ठोकला आणि त्यावर खडूनं तक्ता आखला. बॅटरीचं नाव, भार, किती महिने जुनी, किती वेळ चालली. पुन्हा चाचणी केली आणि आकडा बदलला, तर जुन्यावर तांबड्या खडूची रेघ. बाजाराला आलेली माणसं थांबून वाचायची, कुणी हातावर लिहून घ्यायचं. हिरकणीवाडीचा एक सरबतवाला एकदा बॅटरी घेऊन आला. गड बघायला येणाऱ्यांना थंड कोकम सरबत विकायचा, फ्रिज इन्व्हर्टरवर. वर्षात दोन बॅटऱ्या मेल्या होत्या. झाकणं उघडून बघितली तर आत पांढरा थर.

"पाणी कुठलं घालतोस रे?"

"एकदम भारी घालतो काका. बाटलीचं, शिलबंद! डिस्टिलवालं तर नुसतं डब्यात मिळतं, त्याचा काय भरोसा?"

पिण्याच्या पाण्यातले क्षार बॅटरीला विष असतात हे त्याला पटवायला मला चहाचे दोन कप लागले. जाताना म्हणाला, "म्हंजे जे मानसाला चांगलं ते हिला वाईट. हे फळ्यावर लिवा की." मी लिहिलं. ती ओळ फळ्यावर बरेच दिवस होती.

माझी मुलगी मुग्धा पुण्याला असते, जाहिरातीच्या कामात आहे. दिवाळीला आली असताना तिनं फळा बघितला आणि हसली. "बाबा, एवढं काम करता आणि ते आळीतल्या भिंतीवर? व्हिडिओ करू या."

मला फारसं कळत नव्हतं. तिनं मोबाइल तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला, मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. मी फळीवरचे दिवे लावले, मीटर दाखवला आणि एक्स्चेंजमध्ये नव्या पोरांना शिकवायचो तसं बोललो. पहिल्या व्हिडिओत एका नव्या कंपनीची बॅटरी होती. कंपनी कुठली ते इथे सांगत नाही, त्याला आता अर्थ नाही. स्वस्त होती, सगळीकडे दिसू लागली होती आणि मोठ्या कंपन्यांचे दुकानदार तिला नावं ठेवत होते. मी दोनशे वॉटचा भार लावला, म्हणजे दोन दिवे. बॅटरी सहा तास सात मिनिटं उभी राहिली. मीच चकित झालो, आणि तसं बोललोही.

तो व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला. वरंधच्या एका किराणावाल्यानं फोन केला, "काका, दुकानदार मला भलतीच गळ्यात मारत होता, तुमच्यामुळे वाचलो." कोल्हापूर, जळगाव, कुठून कुठून फोन. बाजारात लोक ओळखायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. बॅटरी रूममध्ये एकतीस वर्षं कुणी डोकावलं नव्हतं.

मुग्धानं काही गोष्टी शिकवल्या. निकाल आधी सांगायचा नाही, शेवटी सांगायचा. नाहीतर लोक बघणं सोडून देतात. तक्ता दाखवायचा, पण दोन-तीन सेकंदच. आकड्यांचा लोकांना कंटाळा येतो. "आणि बाबा, तो फळा काढा आता. सगळं तिथेच वाचलं तर व्हिडिओ कोण बघणार?" मी काढला. पावसाळ्यात तसाही तो फुगला होता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

फळा काढल्याला महिना झाला असेल, इकबाल मास्तर आले. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान, लहानपणापासून ऐकू येत नाही. मोटरची शिलाई मशीन इन्व्हर्टरवर चालवतात, त्यामुळे फळ्याचे नेहमीचे वाचक. त्यांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "साळवीकाका, फळा का काढला? तुमचे ओठ व्हिडिओत नीट दिसत नाहीत. मिशा आहेत. आकडे येतात आणि जातात. मला बॅटरी घ्यायची आहे."

मी हसलो, मिशांवरून हात फिरवला आणि त्याच कागदावर एका बॅटरीचं नाव लिहून दिलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा लिहिलं, "नाव नको. तक्ता द्या. मी माझं ठरवीन."

मी हातानं खूण केली, नंतर देतो. तो "नंतर" मी विसरलो. एवढा सरळ मागणारा माणूस मला त्या वर्षात दुसरा भेटला नाही, आणि त्याला मी दारातून परत पाठवलं.

पहिल्या व्हिडिओला तीन महिने झाले तेव्हा त्याच स्वस्त बॅटरीची पुन्हा चाचणी घेतली. मधल्या काळात ती आमच्या घरच्या इन्व्हर्टरला लावली होती, रोजची भरणं-रिकामं होणं चालू होतं. पुन्हा दोन दिवे लावले. पावणेचार तासांत ती खाली बसली. माझा विश्वास बसेना. पुन्हा भरून पुन्हा घेतली, तेच. आतल्या पट्ट्या हलक्या असणार. नव्यात जोर दाखवतात आणि लवकर झडतात.

फळा असता तर काम एका मिनिटाचं होतं. सहा तासांवर तांबडी रेघ, बाजूला पावणेचार. पण व्हिडिओवर रेघ मारता येत नाही. मी मुग्धाला फोन केला.

"नवीन व्हिडिओ करू या ना," ती म्हणाली. "हे तर आणखी चालेल. तीन महिन्यांनी काय झालं, बघाच! असं नाव देऊ."

"पण जुन्याचं काय? तो चुकीचं सांगतोय."

"चुकीचं कुठे? त्या दिवशी ती सहा तास चाललीच होती ना?"

तेही खरंच होतं. दुसरा व्हिडिओ केला. बावीस मिनिटांचा, पावणेचार तासांचा आकडा विसाव्या मिनिटाला. मुग्धानं जुन्या व्हिडिओखाली नव्याबद्दल एक ओळ लिहिलीसुद्धा, पण ती उघडल्याशिवाय दिसत नव्हती. नवा व्हिडिओ थोड्या लोकांनी बघितला. जुना मात्र पळतच होता. त्यातून मुग्धानं पूर्वीच अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा काढला होता: माझा चेहरा, मीटर, माझा आवाज, "सहा तास सात मिनिटं!" आणि मागे वाजंत्री. दोन दिव्यांची गोष्ट त्यात नव्हती. अर्ध्या मिनिटात बसत नव्हती.

त्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, दसरा होऊन गेला होता, एक जीप आमच्या दारात थांबली. एक बाई उतरली, साठीची असेल, कपाळ मोकळं. ड्रायव्हरनं मागून एक बॅटरी उतरवून ओसरीवर ठेवली. तीच, स्वस्त कंपनीची.

"साळवीकाका तुमीच ना? व्हिडिओवाले?"

"हो. बसा."

बसल्या नाहीत. "मी कमल सकपाळ. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी हाय. ह्या बॅटरीत सहा तास हायत का नाय, येवढंच बघून सांगा. दुसरं काय नको."

नलिनीनं पाणी आणलं. मग त्या बसल्या, आणि तुटक तुटक सगळं बोलल्या.

त्यांचे यजमान गणपतराव. वीस-बावीस वर्षं खडीच्या क्रशरवर काम केलेलं, छातीत धूळ बसलेली. गेल्या दोन वर्षांपासून श्वास पुरत नव्हता. मुंबईच्या पुतण्यानं ऑक्सिजनचं मशीन आणून दिलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीनं नाकात सोडणारं. ते विजेवर चालतं. वाडीत लाईटचा भरोसा नाही, म्हणून इन्व्हर्टर. बॅटरी कुठली घ्यायची हे दोनच महिन्यांपूर्वी त्याच पुतण्यानं मोबाइलवर बघून ठरवलं आणि तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा काकूंना पाठवला. वाडीत मोठा व्हिडिओ उघडायचाच नाही, रेंज नाही. तुकडा उघडला. तो त्यांनी पुन्हा पुन्हा बघितला.

"दुपारचं जेवान झालं नि वारा सुटला. आमच्या खालच्या वळनावर झाड पडलं तारंवर. लाईट गेली. बॅटरीवर मशीन चालू झालं. तेवढ्यात शेजारचा संतोष जीप घेऊन पोलादपूरला निघाला व्हता. दारात थांबला, म्हनला, काकी, तात्यांला घेऊन जाऊया का दवाखान्यात? तिथं लाईट हाय. मी म्हनलं, नको रे, कशाला त्यांला उचलून हाल करायचे? सहा तास हायत आपल्याकडं. तवर येईल लाईट. तो गेला."

"मग?"

"दोन तासानं मशीन वराडायला लागलं. छोटा शिलेंडर व्हता, तो भराय दिलेला. संतोषला फोन लागंना. लागला तवा तो परत फिरला, पन यायला तास गेला. उमरठच्या खाली उतरत व्हतो आमी, तवाच..." त्यांनी पदर तोंडाला लावला नाही. हात मांडीवर तसेच ठेवून बसल्या. "पंखा चालू ठेवला व्हता मी. ह्यांला घाम येत व्हता म्हनून. सगळी म्हनतात, पंख्यानं बॅटरी खाल्ली. जाऊबाई तोंडावर म्हनल्या. म्हनून इचारते. पंखा लावला नसता, तर सहा तास पुरले असते का?"

उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं. पण अंदाजानं बोलायचा तो दिवस नव्हता. मी म्हणालो, "बॅटरी ठेवून जा. पूर्ण भरायला रात्र लागेल. उद्या सकाळी या, तुमच्यासमोर लावतो."

त्या महाडातच बहिणीकडे राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आल्या. तसलं मशीन साडेतीनशे वॉटच्या आसपास घेतं. म्हणून मी फळीवर तीन शंभरचे आणि एक साठचा दिवा लावला. घड्याळ त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, सुरुवात तुम्ही सांगा.

एरवी चाचणी चालू असताना मी पेपर वाचतो, नलिनीशी बोलतो. त्या दिवशी आम्ही दोघं नुसते दिव्यांकडे बघत बसलो. दर अर्ध्या तासाला मी व्होल्टेज मोठ्यानं वाचायचो आणि वहीत लिहायचो. एकदा त्यांनी विचारलं, "आकडा उतरतोय म्हंजे बॅटरी उतरतेय?" मी हो म्हटलं. मग प्रत्येक वेळी त्याच वाकून मीटर बघू लागल्या. दीड तासानंतर आकडा भराभर घसरला. दिवे तांबूस झाले. दोन तास वीस मिनिटांनी साडेदहा व्होल्ट आला, तिथे चाचणी थांबवतात. इन्व्हर्टर शिट्टी मारू लागला आणि दिवे गेले.

ती शिट्टी ऐकून त्यांनी डोळे मिटले. मी घाईनं बटण बंद केलं. हे आधीच सुचायला हवं होतं. शिट्टीची तार काढून ठेवता आली असती. एकतीस वर्षांत मला अशा गोष्टी कुणी शिकवल्या नव्हत्या.

"पंखा नव्हता यात," मी म्हणालो. "पंख्यानं पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. तेवढ्यानं जीप आली नसती. सहा तास या बॅटरीत नव्हतेच, कमलबाई. नवी असतानाही तुमच्या मशीनवर ती जेमतेम तीन तास चालली असती. मी सांगितलेले सहा तास दोन दिव्यांचे होते. आणि ही बॅटरी पुढे उतरते, हेही मला माहीत होतं. दुसऱ्या व्हिडिओत मी सांगितलं होतं."

"दुसरा कुठला?"

"होता एक. मोठा."

त्यांनी फळीवरच्या विझलेल्या दिव्यांकडे बघितलं. "दोन दिवं," त्या म्हणाल्या. "येवढं आधी सांगायचं व्हतं काका. मी अडानी नाय, सातवीपर्यंत शिकलेय. लिवलेलं असतं तर वाचलं असतं. जीप सोडली नसती मी."

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. नलिनीनं जेवायला थांबवलं, त्या थांबल्या नाहीत. बॅटरीही नेली नाही.

पंधरा दिवसांनी मी उमरठला गेलो. कशासाठी ते मलाही नीट माहीत नव्हतं. पोलादपूरहून जीप, पुढे पायी चढ. संतोष वाटेत भेटला, त्यानंच घर दाखवलं. कमलबाई शेतावर होत्या, भात कापणी चालू होती. दार उघडंच होतं. संतोष म्हणाला, "बसा आत, बोलावतो." आतल्या खोलीत खाट उभी करून ठेवलेली. कोपऱ्यात इन्व्हर्टर, वर कापड घातलेलं. आणि त्याच्या वरच्या भिंतीवर, सारवलेल्या मातीवर, निळ्या पेननं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: "लाईट गेल्यावर ६ तास. साळवीकाका महाड."

माझं नाव इतक्या नीट अक्षरात मी कधी बघितलं नव्हतं. विसरू नये म्हणून बाईनं लिहून ठेवलं होतं. व्हिडिओतून तिला जेवढा आकडा मिळाला, त्याचा तिनं तक्ता केला होता.

मी खिशातून पेन काढलं. त्या आकड्यावर रेघ मारावी, बाजूला खरा आकडा लिहावा, असं हाताला वाटलं. पण कुणासाठी? पेन परत खिशात ठेवलं. त्या आल्या, चहा केला, भाताचं काय झालं ते बोललो. भिंतीचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "जाऊबाईंला सांगितलं मी, पंख्याचं. तुमचं नाव सांगून." म्हणजे माझ्या नावावर त्यांचा अजून विश्वास होता.

मुग्धाला सगळं सांगितलं तेव्हा ती फोनवर रडली, मग चिडली. "बाबा, डॉक्टरांनी त्यांना मशीनच्या भरवशावर राहू नका असं सांगितलं नसेल? पुतण्यानं दुकानात विचारलं नसेल? सगळं आपल्यावरच का घेता?"

"सगळं नाही घेत. माझं तेवढंच घेतोय."

"लोकांना तक्ते नको असतात, बाबा. तुमचा फळा किती लोक वाचत होते? पन्नास?"

ती चुकीचं बोलत नव्हती. पन्नासही नसतील. वरंधचा किराणावाला व्हिडिओमुळेच वाचला होता, फळ्यामुळे नव्हे. हे भांडण आमच्यात अजून मिटलेलं नाही. आता आम्ही ते काढत नाही एवढंच. तिनं व्हिडिओ काढून टाकले, मी सांगितलं म्हणून. पण तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा लोकांनी आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतला होता. कुणी त्यावर आपल्या दुकानाचं नाव घातलं, कुणी सणाच्या शुभेच्छा. तो अजून फिरतो. त्यात मी हसतोय.

आता मी सगळ्या चाचण्यांचे तक्ते छापून घेतलेत. एकच पान, मोठं अक्षर. भार, महिने, तास, आणि बदललेल्या आकड्यावर रेघ. मुग्धानंच त्याची एक साधी फाईल करून दिली, अगदी कमी रेंजमध्येही उघडते. पोलादपूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत, ग्रामपंचायतींत मी स्वतः जाऊन पानं लावली. ऑक्सिजन मशीनसाठी वेगळी ओळ, जाड ठशात: "बॅटरीवर थांबू नका, रुग्णाला हलवा." इकबाल मास्तरांच्या दुकानात जाऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कात्री खाली ठेवली, उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, घडी घालून गल्ल्यात ठेवलं. मला उशीर का झाला ते त्यांनी लिहून विचारलं नाही. एका ग्रामपंचायतीत महिन्याभरानं गेलो तर माझ्या पानावर डासांच्या फवारणीची सूचना चिकटवली होती. दुसरं पान मला वडापावच्या गाडीवर मिळालं, तेलाचे डाग पडलेलं. वाचणारे थोडेच आहेत.

फोन मात्र अजून येतात. आठवड्यातून एक-दोन. अनोळखी आवाज, आनंदी असतात बहुतेक. "काका, तुमचा व्हिडिओ बघून ती सहा तासवाली बॅटरी घेतली, आभार मानायला फोन केला." पूर्वी मी लगेच सांगायला लागायचो, दोन दिवे, भार, महिने, आणि समोरचा माणूस कंटाळून "बरं बरं" म्हणत ठेवून द्यायचा.

आता आधी एकच विचारतो. "घरात कुणी आजारी आहे का?"

बहुतेक जण दचकतात. काही जण हसतात. गेल्या महिन्यात एक बाई हळूच म्हणाली, "हो, सासूबाई आहेत. मशीनवर."

मी तिला म्हटलं, "ताई, कागद आणि पेन घ्या. मी थांबतो."